पर्यायी मार्ग आमच्या दारावरून

रस्ता बंद करणं ही एक कला आहे आणि आमच्या अख्ख्या पालिकेत ती फक्त मला येते! फुशारकी मारतोय असं समजू नका. रस्ता खणणं काय, कुणालाही जमतं. चार माणसं, एक जेसीबी आणि थोडा निर्दयपणा असला की झालं. पण रस्ता असा बंद करायचा की तो बंद झाल्याचं लोकांच्या लक्षात येईपर्यंत तो उघडलेला असावा, याला डोकं लागतं. ते देवाने मला दिलं आहे. केस मात्र परत घेतले.

माझं काम तसं साधं. पाणीवाल्यांना सोमवारी खणायचं असतं, गटारवाल्यांना त्यांनी बुजवल्यानंतर, आणि केबलवाल्यांना डांबर पडून अजून वाफा निघत असतात तेव्हा. मी तिघांना एका टेबलाशी बसवतो आणि सांगतो, एकाच खड्ड्यात उतरा, आपापलं उरका आणि एकदमच वर या. मग वाहतूक कुठून वळवायची, बसचा थांबा कुठे हलवायचा, शाळा सुटताना कुठली बाजू मोकळी ठेवायची, हे सगळं मी ठरवतो. ऑफिसात मला 'वळणराव' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, अशी माझी समजूत आहे.

असा हा वळणराव संध्याकाळी घरी गेला की मात्र त्याच्याकडे वळून बघणारं कुणी नव्हतं.

ही गेल्या वर्षी गेली. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. आमची गल्ली चांगली ऐसपैस, पण एका बाजूला गोदामाची लांबच लांब मागची भिंत आणि दुसऱ्या बाजूला तीन घरं. त्यातल्या दोन घरांना कायमचं कुलूप. तिसऱ्यात मी. एकदा बरेच दिवस बेल वाजली नाही, तेव्हा बिघडली असेल म्हणून मी स्वतः बाहेर जाऊन वाजवून बघितली. ठणठणीत होती. आत येऊन दार उघडायलाही मीच गेलो, यावरून माझी अवस्था ओळखा! एकटं वाटायचं. दिवसभर ऑफिसात शहराच्या गर्दीला शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी त्याच गर्दीतलं एखादं माणूस वाट चुकून आपल्याकडे येईल का, म्हणून खिडकीत उभं राहायचं.

पण हे मुलीला कसं सांगणार? तिचा रोज फोन. जेवलात का, औषध घेतलंत का, दिवसभर बोलायला कोण असतं. मी एके दिवशी ठोकून दिलं की अगं, इथे माणसांचा नुसता राबता असतो, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी पुढच्या महिन्यात रविवारी येते. सगळं बघते, मग आपण ठरवू."

काय ठरवायचं ते मला न सांगता कळलं. ती मला उचलून तिच्याकडे नेणार. तिची बिल्डिंग उंच, नवराबायको दोघंही नोकरीवर, दिवसभर मी आणि लिफ्ट. इथे निदान भिंती ओळखीच्या होत्या. मी मनाशी ठरवलं की रविवारी आपल्या दारात माणसांचा राबता दिसलाच पाहिजे. आता राबता कुठून आणायचा? लोकांना घरी बोलवावं तर ओळखी हव्यात, आणि माझ्या सगळ्या ओळखी पाणीवाले, गटारवाले, केबलवाले.

तेवढ्यात देवच धावून आला. गोदामाच्या पलीकडचा मोठा रस्ता खणायला निघाला!

एरवी माझी पद्धत ठरलेली. अर्धा रस्ता खणायचा, अर्ध्यावरून वाहतूक चालू ठेवायची. काम लांबतं, पण कुणाचं अडत नाही. या खेपेला मात्र मी बैठकीत उभा राहिलो आणि ठासून सांगितलं की रस्ता पूर्ण बंद करा, सगळी वाहतूक मागच्या गल्लीतून वळवा, काम झटपट आटपेल. मोठ्या साहेबांनी भुवया उंचावल्या. वाहतूक नेहमी कमी तक्रारींच्या बाजूने वळवायची, हा साहेबांचा लाडका नियम. त्यांनी विचारलं, या गल्लीच्या तक्रारी किती? मी म्हटलं, आजवर एकही नाही. साहेब खूश झाले. एक तक्रार होती, पण ती पालिकेच्या अखत्यारीत येत नव्हती.

आता आणखी एक नियम असा की गल्लीतल्या रहिवाशांची हरकत आधी ऐकून घ्यायची. म्हणून मी अधिकारी या नात्याने माझ्या घरी गेलो, रहिवासी या नात्याने खुर्चीत बसलो आणि स्वतःला विचारलं, आपल्या दारावरून बस, ट्रक, रिक्षा गेल्या तर आपली काही हरकत? मी म्हटलं, छे छे, या की. इतकी खेळीमेळीची सुनावणी पालिकेच्या इतिहासात झाली नसेल.

गल्लीची मापं घ्यायचं राहिलंच. राहिलं म्हणजे काय, घेतलीच नाहीत! इतकी वर्षं जिथे राहतो तिथली मापं कसली घ्यायची? दुसऱ्याच्या गल्लीत मी फुटपट्टी घेऊन रांगतो. आपल्या गल्लीला डोळे पुरे. हाच तो शहाणपणा मला नडला.

रस्ता बंद झाला त्या सकाळी मी रजा काढून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. आधी एक सायकल आली. मग रिक्षा. मग गाड्याच गाड्या! हॉर्न, धूर, रेडिओ, लहान मुलांचं रडणं, कुणीतरी कुणाच्या तरी अकलेचे काढलेले वाभाडे. काय सांगू तुम्हाला, कान तृप्त झाले. एका गृहस्थांनी काच खाली करून विचारलं की हा कुठल्या गाढवाचा बेत आहे? मी उठून त्यांना नीट समजावून सांगितलं. ते ऐकत होते! पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. पुढे जायला जागाच नव्हती म्हणा.

मग बस आली आणि आमच्या कोपऱ्यावर वळताना जी थांबली ती थांबलीच. पुढून आमच्या फाटकाचा खांब, मागून ट्रक. बसचा ड्रायव्हर खाली उतरला. चांगला धिप्पाड गडी, आवाज मात्र मऊ. त्याने खांबाकडे बघितलं, बसकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"काका, खांब ठेवायचा की बस?"

प्रश्न रास्त होता. वाहतुकीला अडथळा होणारं बांधकाम ताबडतोब काढावं, हा आदेश माझ्याच सहीचा. दुपारपर्यंत माझ्याच विभागाच्या माणसांनी माझा खांब, माझं फाटक आणि वर माझ्या कुंपणाचा एक कोपरा पाडून नेला. मोठ्या उत्साहाने पाडला हो! एरवी या मंडळींना बोलवायला चार फोन करावे लागतात.

फाटक गेलं आणि घराची अब्रू गेली. बसचा थांबा मोठ्या रस्त्यावरून हलवून गल्लीत आणला होता, तो नेमका आमच्या व्हरांड्यासमोर. उन्हात कोण उभं राहील? आधी एक म्हातारे गृहस्थ पायरीवर टेकले. मग त्यांच्याशेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, कपड्यांचं बोचकं घेऊन. आठवडा उलटायच्या आत आमचा व्हरांडा म्हणजे बसस्टँड झाला. कुणी पाणी मागायचं, कुणी मोबाइलला वीज. ड्रायव्हर गर्दीत अडकला की सरळ आत येऊन तोंड धुवायचा आणि जाताना नळ घट्ट बंद करून जायचा. शिवणवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे नापसंतीने बघत सांगितलं की काका, तुमच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय. बटण तुटून सहा महिने झाले होते. कुणाच्या लक्षात येणार! त्यांनी तिथेच लावून दिलं, आणि मी उगाच नळावर जाऊन चेहरा धुतला.

पण खरा गोंधळ पुढेच आहे. लोकांनी रस्त्याबद्दल काहीही विचारलं की मी फाडफाड उत्तर द्यायचो. केव्हा उघडणार, थांबा इथेच का, रुग्णालयाला कुठून जायचं. होता होता अशी बातमी पसरली की पालिकेने या गल्लीत खास तक्रार केंद्र उघडलं आहे आणि तिथे एक भला माणूस सगळं ऐकून घेतो. मग काय विचारता! संध्याकाळी ऑफिसातून यावं तर दाराशी रांग. कुणाचं दुकान बसलेलं, कुणाच्या गाडीला पोचा आलेला, एका आजोबांना तर फक्त सून स्वभावाने कशी आहे ते सांगायचं होतं. मी सगळ्यांना बसवून घ्यायचो, चहा करायचो, आपणच केलेल्या बेताची निंदा ऐकायचो आणि शेवटी म्हणायचो की तुमचं बरोबर आहे. इतका सुखी मी बऱ्याच दिवसांत नव्हतो.

घरीच सगळ्यांचं समाधान झाल्यावर ऑफिसात तक्रार करायला जातो कोण? मोठ्या साहेबांनी आकडे मागवले. एवढा मोठा रस्ता बंद आणि तक्रारी शून्य! साहेबांचा विश्वासच बसेना. त्यांनी फोन यंत्रणाच बंद पडली असेल म्हणून ती तपासून घेतली. मग मला बोलावून माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की वळणराव, इतक्या वर्षांत असं काम बघितलं नाही, आता तुम्हाला काहीतरी बक्षीस द्यायलाच हवं. मी संकोचाने नको नको म्हटलं. ते मी जरा जोर लावून म्हणायला हवं होतं, हे मला पुढे कळलं.

असा तो रविवार उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मुलीला उतरवून घ्यायला रस्त्यापर्यंत गेलो. बेत असा की ती टॅक्सीतून उतरेल, माणसांची वर्दळ बघेल, मी चारदोन लोकांना ऐटीत नमस्कार करीन आणि विषय संपेल. पण रविवार म्हणून सगळं शहर हिंडायला निघालेलं! गल्लीच्या मधोमध बस आणि विटांचा ट्रक नाकाला नाक लावून उभे. दोघांच्या मागे दोन्ही टोकांपर्यंत रांगा. ट्रकवाला म्हणतो, मी मागे जाणार नाही. बसचा ड्रायव्हर मऊ आवाजात म्हणतो, मी पण नाही. मी मध्ये पडलो. शिट्टी नव्हती म्हणून दोन बोटं तोंडात घातली. एकेक गाडी इंचाइंचाने मागे घ्यायला लावली. डावीकडे, अजून डावीकडे, अहो तुमची डावी! घामाने शर्ट अंगाला चिकटला. मुलगी, टॅक्सी, नमस्कार, सगळं डोक्यातून साफ गेलं.

बस सुटली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपाळ पुसत व्हरांड्याकडे वळलो तर तिथल्या रांगेत, शिवणवाल्या बाई आणि त्या सुनेच्या सासऱ्यांच्या मध्ये, आमची कन्या बॅग मांडीवर घेऊन बसलेली!

टॅक्सी टोकाला अडकली म्हणून ती चालत आली होती. सरळ आत शिरायला लागली, तर शिवणवाल्या बाईंनी तिला अडवलं आणि बजावलं की रांगेत बसा, काकांना भेटायचं तर सगळ्यांनाच असतं. माझी मुलगी, जन्मापासून त्या घरात राहिलेली, आपल्या बापाला भेटायला मुकाट्याने रांगेत बसली. मी धावत जवळ गेलो. वाटलं आता ही रागावणार, किंवा या सगळ्या नाटकाचा वास तिला लागणार. बापाचं काम काय हे तिला पाळण्यापासून माहीत. पण ती हसत होती. डोळे मात्र ओले होते.

दिवसभर तिने सगळं बघितलं. ड्रायव्हरने जेवणाचा डबा आमच्या ओट्यावर उघडला आणि हक्काने मीठ मागितलं. आजोबांनी सुनेचा पुढचा भाग सांगितला. मध्येच मोठे साहेब स्वतः गाडी लांब सोडून चालत आले आणि तिच्यासमोर माझी इतकी स्तुती केली की मी कुठे बघू ते मला कळेना. माझ्या दारातली माणसं मी वाहतूक वळवून आणली होती, हे खरं. पण ती मला काका म्हणत होती, हेही खोटं नव्हतं. तिला फसवायला मी जे उभं केलं, ते बघता बघता खरंच उभं राहिलं होतं. आता यात फसवणूक कुठून कुठपर्यंत, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

संध्याकाळी जरा वर्दळ कमी झाल्यावर आम्ही आतल्या खोलीत बसलो. ती पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. लहानपणी काही कबूल करायचं असलं की असंच करायची.

"बाबा, एक सांगू? मी तुम्हाला न्यायलाच आले होते."

"माहीत आहे मला."

"तुमच्यासाठी खोली तयार केली. हिरवा रंग दिला, आईला आवडायचा तसा. यांनी खिडकीशी एक खुर्चीसुद्धा आणून ठेवली. आम्हाला दोघांनाही घरात कुणीतरी मोठं हवंसं वाटायला लागलं होतं. दिवसभर घर इतकं रिकामं असतं ना, बाबा."

खोली रंगवलेली मला माहीत नव्हती. मी फक्त लिफ्ट धरून चाललो होतो.

"पण आज बघितलं," ती म्हणाली. "तुम्हाला इथून हलवलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. इतक्या माणसांतून उठवून तिकडे चार भिंतींत बसवायचं? नाही. माझा हट्ट संपला."

हीच ती घडी! इतके दिवस याच वाक्यासाठी तर मी फाटक घालवलं होतं. आता मी बोललो असतो की अगं, थांब जरा, आणखी एकदा विचार तर. एकदा. मी नाही म्हटलं असतं, मग तिने पुन्हा विचारलं असतं, मग मी थोडे आढेवेढे घेतले असते आणि हिरवी खोली बघायला म्हणून का होईना, बॅग भरली असती. पण नेमकं तेव्हाच बाहेरून कुणीतरी काका, काका म्हणून हाक मारली. ती उठली आणि म्हणाली, "जा, तुमची वाट बघतायत."

मी गेलो. आजोबांची काठी बाकाखाली गेली होती.

ती त्याच संध्याकाळी परत निघाली. आमच्या दारातूनच बस. ड्रायव्हरने काकांची मुलगी म्हणून तिला खिडकीची जागा धरून ठेवली. ती वाकून पाया पडायला लागली तर मागून हॉर्न वाजायला लागले, म्हणून अर्ध्यातच उठून चढली. बस नव्या रुंद कोपऱ्यावरून सफाईने वळली. खांब नव्हता ना आता.

सोमवारी ऑफिसात पोचलो तर माझ्या टेबलाभोवती सगळा विभाग जमलेला. मोठे साहेब हात चोळत उभे. म्हणाले, वळणराव, तुमचं बक्षीस! तुमच्यासारख्या माणसाच्या दारात ती पीडा किती दिवस ठेवायची, म्हणून साहेबांनी दुसऱ्या दोन रस्त्यांवरची माणसं काढून या कामावर लावली होती. पाणीवाले, गटारवाले, केबलवाले माझ्याच नियमाने एकदमच खड्ड्यात उतरले होते, ते एकदमच वर आले. डांबर पडलं, रोलर फिरला, सकाळी रस्ता खुला झाला. ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी! ठेकेदार मला पेढ्यासारखा गोड हसून म्हणाला की साहेब, आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी काम केलं, फक्त तुमच्यासाठी. जन्मभर मी ज्या ठेकेदारांच्या मागे काठी घेऊन लागलो, त्यांनी सुधारायला हाच मुहूर्त काढला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आलो. थांब्याची पाटी उचलून नेली होती. गोदामाची भिंत जिथल्या तिथे होती. व्हरांड्यात कुणी नव्हतं, आणि फाटकच नसल्यामुळे गल्लीतली शांतता थेट घरापर्यंत येत होती. लोक वाईट नव्हते हो. त्यांना घरी लवकर पोचायचं होतं, आणि आता मोठ्या रस्त्याने ते लवकर पोचत होते. मी पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. एक सायकल आली. पोरगा चुकून या बाजूला शिरला असावा, माझ्याकडे बघून त्याने वाट विचारली. मी उठून चांगलं सविस्तर सांगायला लागलो, पण पहिल्याच वळणाला तो हो हो म्हणत निघून गेला.

दिवे लागायच्या सुमाराला मुलीचा फोन आला. सुखरूप पोचले म्हणाली. मग तिने विचारलं.

"बाबा, आज आवाज येत नाहीये माणसांचा?"

आता बोलावं, असं अगदी ओठांवर आलं. रस्ता उघडला, माणसं गेली, हिरव्या खोलीतली खुर्ची अजून खिडकीशी आहे का, एवढंच विचारायचं होतं. पण रस्ता बंद करण्यात आयुष्य घालवलेला माणूस मी. तोंडातून निघालं ते असं:

"दार लावून घेतलंय गं. दिवसभर नुसती ये-जा. म्हटलं, घटकाभर तरी शांतता मिळू दे."

"खरंच, दमला असाल. मग नाही बोलत आता. आराम करा," ती म्हणाली, आणि तिने लगेच फोन ठेवला.

लहानपणापासून फार समजूतदार आहे आमची पोरगी!